एक वर्ष कमी

सकाळी दुकान उघडायला गेलो तर सायली शटरपाशी उभी. वरच्या मजल्यावर राहते, नुकतीच बीएस्सी झाली. थोरली बहीण अमेरिकेत, म्हणून हिलाही तिकडेच शिकायला जायचंय. माझं दुकान झेरॉक्सचं. लोकांच्या डिग्र्या रोज माझ्या हातात असतात, मला मात्र सातवी दोनदा बसूनही सुटली नाही.

तिनं दोन पत्रं मशीनवर ठेवली. "काका, ब्रिटनवाले म्हणतात, तुझी तीन वर्षांची डिग्री आमच्याइतकीच, ये. अमेरिकेतलं कॉलेज म्हणतं, आमच्याकडे चार वर्षं लागतात, तुझं एक वर्ष कमी आहे."

"कुठं सांडलंस गं ते वर्ष?"

ती हसली नाही.

मला वाटलं, माणसाचंही असंच होतं. गावी गेलो की मी लोकांचे अर्ज भरून देतो, तिथं मला साहेब म्हणतात. इथं घरात माझी पोरगी माझ्या हातातून फॉर्म काढून घेते. माणूस तोच, इथं एसटीतून उतरला की भाव उतरतो.

"माझं बरं आहे," मी म्हटलं. "सातवी नापास दोन्ही देशांत नापासच. कुणाला पत्र लिहून विचारायला नको."

आता ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "डिग्रीच्या दोन कॉप्या द्या काका. एक ब्रिटनला, एक अमेरिकेतल्या दुसऱ्या कॉलेजला."

मी काढल्या, उजेडात धरून बघितल्या. दोन्ही सारख्याच आल्या होत्या.