तारखेचा वाढदिवस

आमच्याकडे लेकीचा वाढदिवस दोनदा होतो. तिथीला सासूबाई ओवाळतात, तारखेला केक कापतो. यंदा तिथीची खीर खाऊन कार्टी म्हणाली, "झाला माझा वाढदिवस. तारखेचा नको. इथं माझं आहे कोण?" पारशिवनी गाव सोडून शहरात, प्रताप नगरात आलो तेव्हा शाळांना सुट्ट्या लागलेल्या. तिची ओळख कुणाशीच नाही, दिवसभर गॅलरीत उभी. मग मीही हट्टाला पेटले.

तारखेच्या दिवशी दुपारी तिला कुलरसमोर झोपवून मी कॉलनीतली मुलाबाळांची घरं पालथी घातली. अनोळखी बायकांना दारात गाठून "मुलांना पाठवा, पण तिला कळू देऊ नका" असं सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. वेळ दिली पाचची.

"मे महिन्यात पाच वाजता कोनी लेकरायले उन्हात सोडते काय वं?" सांबारवडीचं कोथिंबिरीचं सारण परतत सासूबाई म्हणाल्या.

"येतील सगळे," मी फणकारले.

पाच वाजून गेले तरी कोणी आलं नाही. उकाड्याने फुगे फुटायला लागले आणि त्या आवाजाने लेक उठून बाहेर आली. पताका, रिकाम्या प्लेटी, सगळं तिने पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, कोनी नाही येनार. मी सांगितलं होतं ना तुले?"

मला स्वतःचाच असा संताप आला, की स्टुलावर चढून मी पताका ओढून काढायला लागले. सासूबाईंनी माझा हात धरला. "थांब थोडी. ऊन तर जाऊ दे."

ऊन कललं आणि बेल वाजली. दारात सगळी पोरं, केस ओले, तोंडाला पावडर फासलेली. पुढे उभी असलेली दोन वेण्यांची पोरगी लेकीला म्हणाली, "तू रोज वरून पाहून राहते, खाली काहून नाही येत वं?"

"मले कोनी बोलावलंच नाही."

"आमाले वाटलं, तूच नाही म्हनशील. चाल, आधी खेळू, मग केक."

लेकीने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि त्यांच्या मागे जिना उतरून गेली.

मी केक परत फ्रिजमध्ये ठेवला. खाली कुणीतरी लेकीला नावाने हाक मारली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी मिळून. मी तिथेच हुंदके देत उभी.

"आता काहून रडून राहिली वं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.