सेवकांसाठी राखीव

“ओ मामा, आईला उठवा. ही जागा सेवकांची आहे.”

चर्चच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी माझ्या कानाशी वाकून बोलला. वाकून, पण मागच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात. माझी आई पांढऱ्या कापडाने मढवलेल्या सोफ्यावर बसली होती. चपला काढून, पाय जवळ घेऊन. शेजारी मी.

आईने मान वर केली. “आमी सेवकच हाव की, बाळा.”

आधी सेक्रेटरी हसला. मग मागची रांग. मग सगळा मांडव.

यात चूक आमची होती. ती सांगतो. सोफ्यावर लॅमिनेशन केलेला कागद लावला होता: ‘सेवकांसाठी राखीव’. आमच्या मंडळीत सेवक म्हणजे पाळक, रेव्हरंड, बिशप. देवाचे सेवक. हा शब्द कधीकाळी नम्रतेपोटी आला असणार. आता तो हुकमासारखा वापरतात. सेवकांची गाडी आत घ्या. सेवकांना आधी वाढा. सेवकांना ऊन लागतंय, पडदा ओढा.

पण माझ्या नेमणुकीच्या कागदावरही हाच शब्द आहे. मिशनच्या शाळेत मी उभा जन्म घंटा दिली, वर्ग झाडले, पोरांच्या ओकाऱ्या पुसल्या. पद: सेवक. पोरं मामा म्हणायची, ते गावाने उचललं. आई बायबल बाई. शेवगाव-नेवाशाकडची गावं पायी फिरून बायकांना अक्षरं शिकवायची, शास्त्र वाचून दाखवायची. तिच्या कागदावर ‘सेविका’. तिने सोफ्यावरची पाटी बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, “बस तू बी. आपलीच जागा हाय.” शाळेचं वाचनालय झाडता झाडता मी निम्मंअधिक वाचून काढलंय. मला तरी अर्थ कळायला हवा होता. पण तिच्या वाचनात मला व्याकरणाची चूक सापडली नाही. बसलो.

पाळकसाहेबांनी माइक हातात घेतला. “आपल्या मामांना सोफ्याचा मोह झाला बरं का! मामा, तुम्हाला स्वर्गात मिळेल हं. इथं सेवकांना बसू द्या.”

टाळ्या. हे पाळकसाहेब तिसरीत असताना त्यांची ओकारी मी दोनदा पुसली आहे.

आई उठली. चपला सोफ्याखाली सरकल्या होत्या. ती खाली बसून, आत हात घालून चाचपत राहिली. सेक्रेटरीने बुटाच्या टोकाने एक चप्पल बाहेर ढकलली. दुसरी मी काढली. आई हसत होती. लोक हसताहेत म्हणून तीही हसत होती. तिचं ते हसू मला आजही सहन होत नाही.

कार्यक्रम होता नव्या कमानीच्या उद्घाटनाचा. कमानीवर प्रभूचं नाव आहे, पाळकसाहेबांचंही आहे. प्रभूचं जरा बारीक आहे. बिशपसाहेब दीड तास उशिरा आले. शाळेच्या मुली उन्हात लेझीम धरून उभ्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. मग पाकळ्या, शाल, पुष्पगुच्छ, वरून ड्रोन. बिशपसाहेबांच्या मागे एक माणूस त्यांची पाण्याची बाटली घेऊन चालत होता, आणि त्याच्या मागे दुसरा, कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

उपदेशाचा विषय: नम्रता. प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग. बिशपसाहेबांचा आवाज भरून आला. कुलर त्यांच्याकडे तोंड करून ठेवला होता.

आम्ही मांडवाच्या शेवटी, जेवणाच्या पातेल्यांजवळ बसलो होतो. मला लहानपणचे पाळक आठवले. फार मोठा माणूस होता असं नाही. उपदेश रटाळ करायचे, तपकीर ओढायचे, रागावले की कोणाची गय नाही. पण सायकलवरून घरोघर यायचे, आणि बसायला खुर्ची आणायला कोणी धावलं की म्हणायचे, “मी काय जावई आहे का?” माझे वडील क्षयाने गेले तेव्हा सख्खे भाऊ उंबऱ्याबाहेर उभे होते. अंघोळ त्या पाळकांनी घातली. पाणी आईने ओतलं. त्यांचा एकही उपदेश मला आठवत नाही. बाह्या वर केलेले त्यांचे हात आठवतात.

आईने माझा शर्ट ओढला. हळू आवाजात विचारलं, “मी पाटी नीट वाचली न्हाई का रं?”

आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलेली बाई स्वतःच्या वाचनावर शंका घेत होती. यांनी तिच्याकडून सोफा काढून घेतला, त्याचं मला काही नव्हतं. हे मात्र मी देणार नव्हतो.

“नीट वाचलीस,” मी म्हणालो. “लिहिणारे खोटे आहेत.”

उपदेश संपला, जेवणाची वेळ झाली. पाळकसाहेब लगबगीने माझ्याकडे आले. “मामा, तांब्या घ्या. बिशपसाहेबांच्या हातावर पाणी घाला.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“मी सेवक नाही. आत्ताच तुम्ही माइकवर सांगितलंत.”

या वेळी कोणी हसलं नाही. बिशपसाहेब ओले व्हायला तयार हात पुढे धरून उभे होते. शेवटी बाटलीवाल्याने बाटली रिकामी केली.

पुढच्या रविवारी पंच कमिटी बसली. मी निवृत्त, त्यामुळे नोकरी घेता येईना. मग त्यांनी शोधून शोधून दुसरं काढलं. सेक्रेटरी टाइप केलेला माफीनामा घेऊन घरी आला. ‘मी प्रभुच्या सेवकांचा अवमान केला, भर मंडळीत शमा मागतो.’ मंडळीसमोर उभं राहून वाचायचा.

“आणि नाही वाचला तर?”

तो घरात पाहून बोलला. “आईचं वय झालंय, मामा. उद्या काही बरंवाईट झालं, तर मयताला पाळक लागतो. दफनभूमीत जागा लागते. परवानगी कमिटीच देते ना.”

वडिलांच्या कबरीशेजारी एक मोकळी जागा आहे. आई दर वर्षी तिथलं गवत उपटते. तिची आहे ती. सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. मेंढरं राखायला नेमलेला माणूस म्हाताऱ्या बाईला तिच्या मातीवरून धमकी देतो, आणि ती द्यायलाही स्वतः येत नाही, सेक्रेटरी पाठवतो.

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? मी आईला विचारलं. “तू म्हणत असशील तर वाचतो. दोन ओळीच आहेत.”

आई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. “तुझ्या बापाशेजारी घाल मला. पाळक नको. त्यो प्रार्थना कराया लागला अन् मला हासू आलं तर? नकोच.”

सोमवारी सकाळी मी पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. माफीनाम्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या. सहीची जागा कोरी होती.

पाळकसाहेबांनी कागद पाहिला. “मामा, विचार करा. आईसाठी तरी.”

“केला,” मी म्हणालो. “आईची माती मी करीन. शास्त्र मी वाचीन. खड्डा मी खणीन, तिथेच, वडिलांशेजारी. फाटकाला कुलूप लावायचं असेल तर आजच लावा. कसलं आहे ते बघून ठेवतो. त्या दिवशी तोडायला वेळ जायला नको.”