दिगांबर आचारी प्यायला नव्हता

बातमी आली तेव्हा मी दाढी करत होतो. अकोल्याच्या दवाखान्यातून, दिगांबरला तिकडं घेऊन गेलेल्या गणेशचा फोन होता. "गुर्जी, दिगांभाऊ गेला," एवढंच तो बोलला. घरात उभं राहवेना म्हणून अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो. समोरच्या टपरीवर बातमी माझ्याआधी पोचली होती आणि तिचा अर्थही लावून झाला होता. "पोट फुगलं होतं म्हनते. रक्ताची उलटी झाली. लपून पेतच असन, दुसरं काय!" हे बोलणाऱ्याच्या लग्नातला स्वयंपाक दिगांबरनं केला होता, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली होती लेकाच्यानं. मी तसाच घरात परतलो. पण राग असा आला, की उरलेली दाढी त्या दिवशी राहूनच गेली.

त्याला आता दीड महिना होईल. लिहायला बसलो तो टपरीवरच्या त्या एका वाक्यासाठी.

दिगांबर आमच्या अनसिंग भागातला नावाजलेला आचारी. लग्न, तेरवी, भंडारा, काहीही असो, चुलाण पेटवायला दिगांबर हवा. शिरपूरपासून कारंज्यापर्यंत लोक त्याला घेऊन जात. आचाऱ्याच्या कामात एक वाईट चाल आहे. रात्रभर जाळापुढं उभं राहायचं म्हणून यजमान स्वतःहून बाटली आणून ठेवतो, आणि नाही ठेवली तर यजमानच कंजूष ठरतो. दिगांबर असाच हळूहळू बुडाला. आधी कामापुरती, मग कामाआधी, मग काम नसतानाही. शेवटी एका लग्नात वरणाच्या पातेल्याशेजारी आडवा झाला तो पंगत बसली तरी उठला नाही. मंडपात हसू झालं आणि त्याची बायको पंचफुलाबाई भर उन्हात पायी घरी निघून गेल्या. त्यानंतर पंचफुलाबाईंच्या भावानं त्याला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या वॉर्डात नेऊन टाकलं. 'टाकलं' हा शब्द दिगांबरचाच. तिथं त्याचे हात थरथरले, भिंतीवर माणसं दिसली, त्यानं डॉक्टरांना शिव्या घातल्या आणि महिन्याभरानं तो सुकून, ओळखू येणार नाही असा परत आला.

परत आला तो थेट माझ्याकडे. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची चावी माझ्याकडे असते. "गुर्जी, दर गुरुवारी हॉल देता का? पेनाऱ्याइची बैठक लावतो," तो म्हणाला. मी म्हटलं, गावात दुसरी जागा नाही का? तर म्हणाला, "हाय न. पन एक देशी दारूच्या भट्टीच्या मांगं हाय अन् दुसरी भट्टीच्या पुढं." मी तेव्हा नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो आणि माझ्यात शिक्षकाचा ताठा पुरेपूर होता. दारुड्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. विहारातला पंखा कुणी विकून खाईल या भीतीनं मी प्रत्येक बैठकीला दाराशी खुर्ची टाकून बसू लागलो. आमच्या वस्तीत पंचशील सगळ्यांना तोंडपाठ, आणि त्यातलं दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणून झाल्यावर भट्टीकडे वळणारेही आमच्याच वस्तीतले, म्हणून हॉलला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. पुढं पंख्याची काळजी गेली तरी खुर्ची राहिली. मला ती माणसं आवडायला लागली होती.

बैठकीत दिगांबर उपदेश करत नसे. त्याला तो येतही नव्हता. "म्या काय केलं थे सांगतो, तुमी काय केलं थे सांगा," एवढंच. कुणाची पाळी आली की तो मान खाली घालून ऐकायचा, मध्येच "मंग?" म्हणायचा. पण कुणी सलग दोन गुरुवार आलं नाही, की दुसऱ्याच दिवशी दिगांबर त्याच्या घरी. एकदम सोडू नको, जीवावर बेतते, म्हणून बजावायचा. एसटीत शेजारी बसवून वाशीमला न्यायचा. वाटेत कुणी ओकलं तर स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसायचा. असाच त्यानं गणेशला आणला. गणेश आमच्या गावचा ऑटोवाला, तिशीतला, चिडका, दोन लेकरांचा बाप. पिऊन त्यानं ऑटो नाल्यात घातली होती. दिगांबर त्याला लहान भावासारखं वागवायचा, म्हणजे येताजाता शिव्या द्यायचा. बैठकीत सगळ्यात नवा तोच होता.

मग गेल्या दिवाळीनंतर दिगांबर ढगळ सदरे घालू लागला. मी चेष्टेनं म्हटलं, जावयाचे कपडे चोरता काय! तेव्हा त्यानं विहाराच्या मागं नेऊन सदरा वर केला. पोट तट्ट फुगलं होतं, पाय सुजले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुन्या दारूनं लिव्हर आधीच खाल्लेलं, सोडली म्हणून एवढी वर्षं तरी मिळाली. मी म्हटलं, बैठकीत सांगा, लपवता कशाला? "नाई गुर्जी. पोट पाह्यलं त पोट्टे घाबरतीन. म्हनतीन, यानं सोडून काय भेटलं?" गणेशचं नाव त्यानं घेतलं नाही, पण मला कळलं. तेव्हापासून तो भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन बसायला लागला. आणि त्याच्या लपवण्यानंच गावाला बोलायला जागा झाली. उलटी झाली तेव्हा त्याला अकोल्याला नेणारा गणेश होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं ते पोट पहिल्यांदा पाहिलं ते स्ट्रेचरवर.

दहाव्याला मी नदीवर गेलो. आम्हा बौद्धांत पिंड नसतो, कावळ्याची वाट पाहणं मला पटतही नाही, पण दिगांबरसाठी गेलो. पुतण्यानं पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर कावळे होते. येईनात. पुतण्या हात जोडून म्हणाला, काकूले अंतर देनार नाई. कावळे येईनात. जावई म्हणाला, पोरीले दुःख देनार नाई. तरी नाही. ऊन चढत होतं, लोक घड्याळं पाहत होते आणि एकमेकांकडे पाहून ओठ मुडपत होते. शेवटी दिगांबरचा थोरला चुलतभाऊ महादेवराव, मनानं वाईट माणूस नव्हे, तो मोठ्यानं म्हणाला, "त्याचा जीव कशात हाय थे सगळ्याइले ठाऊक हाय. आना एक पव्वा. ठेवा पिंडाजवळ, मोकळा होऊ द्या त्याले." आमच्या भागात हे होतं. पिणाऱ्याच्या पिंडाशी दारू ठेवतात, बिडी ओढणाऱ्याच्या पिंडाशी बिडी. त्यात कुणाला वाईट वाटत नाही, उलट मायाच असते. मी मान वळवून पाहिलं तर पव्वा आणायला ऑटो निघालीही होती. साऱ्या गावात वाहन घेऊन उभा होता तो गणेश, म्हणून गणेशला पाठवलं! त्याला भट्टीवर धाडतोय हे त्या शंभर माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं तेव्हा ऑटो वळणाआड गेली होती...

तो परत आला. बाटली सीलबंद होती, पण ती देताना त्याची बोटं लवकर सुटली नाहीत. महादेवरावांनी ती घेऊन झाकण फिरवायला सुरुवात केली आणि बायकांच्या घोळक्यातून पंचफुलाबाई उठून आल्या. "ठेवू नोका," त्या म्हणाल्या. महादेवराव समजावू लागले, पंचफुला, त्याचा आत्मा तळमळून राह्यला. "तळमळू द्या. हे ठेवलं अन् कावया शिवला, त गाव म्हनन, दिगांबर पेतच होता. उपाशी राहो तो. पन हे नाई."  विधी सांगणाऱ्या महाराजांनी मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक भराभर उठले. जाताना मला ऐकू येईल अशा बेतानं दोघं बोलले, कावया आला नाई, म्हंजे इच्छा राह्यलीच होती. पंचफुलाबाईंनीही ते ऐकलं. बाटली महादेवरावांनी चिडून गणेशच्या हातात कोंबली, "फेक तिकडं" म्हणाले, आणि त्याच्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी गणेश बैठकीला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्या घरी जाणारा माणूस तर आता नव्हता, म्हणून मी गेलो. ऑटोतच पाय वर घेऊन पडला होता, वास दूरवर येत होता. मला पाहून उठून बसला, हात जोडले आणि रडायला लागला. "कावया नाई आला न, गुर्जी... मी आलो. त्याच्या वाट्याची मीच पेलो." मी कधी प्यायलो नाही, दारूशी भांडलो नाही, त्याला काय सांगणार?  तोच म्हणाला, "सोडूनबी तसंच मराचं असन, त सोडाचं कायले? अन् त्यानं तरी खरंच सोडली होती का? मले एकदाबी पोट दाखवलं नाई त्यानं." हाच प्रश्न दिगांबर मरेपर्यंत उशीखाली दाबून बसला होता.  मी त्याला दंडाला धरून पंचफुलाबाईंकडे नेलं, दुसरं काही सुचलंच नाही.

त्या चूल सारवत होत्या. मी सगळं सांगितलं, त्याचा प्रश्नही सांगितला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हात धुतले, गणेशला आतल्या खोलीच्या दारापाशी उभं केलं आणि दार पुढं ओढलं. दाराला आतून एक लोखंडी कडी होती, जाडजूड, वाकड्या खिळ्यांनी ठोकलेली. "हे म्या लावली, मायाच हातानं," त्या म्हणाल्या. "तो पेऊन आला का पोरीले घेऊन आत घुसाचं अन् कडी घालाची. रोज. त्यानं सोडली तरी काई दिवस घालतच होती मी, भरोसा नव्हता. मंग एक दिवस इसरली. मंग इसरतच गेली. आता ओढून पाह्य."

गणेशनं ओढली. कडी हलली नाही. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, तरी तसूभर सरकली नाही. तळव्यांना तांबडा गंज लागला तेवढाच.

"तो लपून पेत असता, त हे कडी गंजली असती का?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "पोरगी म्हनते, आई, तू एकटी राह्यतं, तेल सोडून चालू करून घे. म्या म्हनलं, हात लावू नोको तिले."

मला वाटलं होतं, गणेश आता त्यांच्या पायांवर डोकं ठेवेल. तसं काही झालं नाही. तो आपल्या हातावरचा गंज बघत तिथंच उंबऱ्यात बसला. मग खालीच पाहत म्हणाला, "आमच्या घरची कडी सरकते, वैनी. काल मी दारात आलो न, तवा आतून आवाज आला."