शुक्रवारचं शिळं पाणी

बँकेतून निवृत्त झाल्यापासून अनंतरावांचं बायकोशी एकाच गोष्टीवरून वाजायचं, ती म्हणजे पाणी. सकाळी नळ आला की सुहासिनीबाई कालचा भरलेला हंडा उचलून मोरीत उपडा करायच्या. रात्र उलटली की पाणी शिळं होतं, हे त्यांच्या माहेरचं शास्त्र.

"अगं, धरणात ते पावसाळ्यापासून पडून आहे. तिथे ताजं राहतं आणि आपल्या हंड्यात एका रात्रीत शिळं होतं?"

"धरण मी घासत नाही. हंडा घासते," सुहासिनीबाई म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

त्यांच्या गुलटेकडीच्या सोसायटीसमोरचं मोठं झाड रस्तारुंदीकरणात गेलं, ते अनंतरावांनी फारच मनाला लावून घेतलं. उभी नोकरी त्यांची स्कूटर त्याच्या सावलीत लागली होती. त्याच्याऐवजी त्यांनी फाटकाबाहेर हौसेनं बहाव्याचं रोप लावलं. मग उन्हाळा आला, दर गुरुवारी पाणी बंद राहू लागलं, आणि अनंतरावांना युक्ती सुचली. बायकोचं शिळं पाणी ते बादलीनं खाली नेऊन रोपाला घालू लागले. शास्त्रही राहिलं आणि झाडही.

सोसायटीनं हे पाहिलं. गुरुवारच्या धास्तीनं बुधवारी घरोघरी पातेली, डबे, पोरांचे टबसुद्धा भरले जायचे आणि शुक्रवारी ताजं पाणी आलं की सगळं ओतून दिलं जायचं. आता त्या बादल्यांची वरातच बहाव्याकडे निघाली. दुसऱ्या मजल्यावरचा आमोद तर ऑफिसचे कपडे घालून टब घेऊन यायचा. "काका, गिल्टच गेला बघा! आता काहीच वेस्ट नाही." आपण अख्खं पुणं सुधारलं, असं अनंतरावांना वाटू लागलं.

आणि रोपाची पानं पिवळी पडली. ऊन फार आहे, असं सर्वांचं एकमत झालं आणि बादल्या वाढल्या. शेवटी अनंतरावांनी आळ्यात काठी खुपसली, तर ती शिऱ्यात जावी तशी आत गेली आणि कुबट वास घेऊन वर आली. गाव टँकरची वाट बघत होतं आणि त्यांचं झाड बुडून मरत होतं. त्यांना हसावं की रडावं कळेना.

पुढच्या शुक्रवारी ते फाटकातच आडवे आले. "एक थेंब घालायचा नाही!"

"मग या शिळ्या पाण्याचं करायचं काय काका?" आमोदनं टब सावरत विचारलं.

"प्या!"

"आधी काकू पितात का विचारा," आमोद म्हणाला, आणि सगळी बादलीवाली मंडळी खो खो हसली.  अनंतराव मान खाली घालून जिना चढले.

सुहासिनीबाईंनी गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. नळाला पाणी आलेलं, हात बुधवारच्या हंड्यावर.

"ओत मोरीत," अनंतराव म्हणाले. "आता खाली नेण्यात अर्थ नाही. जाणार ते झाड." 

सुहासिनीबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि नळ बंद केला. हंड्यात भांडं बुडवलं, काढा घ्यावा तसं तोंड करून ते घटाघटा रिकामं केलं. मग दुसरं भरून नवऱ्यापुढे ठेवलं.

"बघत काय बसलात? प्या. आणि खाली जाऊन त्या आमोदला सांगा, काकू प्यायल्या म्हणून."