माझा लाडका ड्रमर

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, कळत नाही. बरं, सांगतो. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा, सांडेल!

मी गॉथिक रॉकवाला माणूस. म्हणजे काळे कपडे, डोळ्यांत काजळ आणि स्मशानात बसून गायल्यासारखा आवाज. सोलापूरच्या उन्हात हे प्रेम निभावणं काय चेष्टा आहे?

कॉलेजात श्रीनिवासनं मला एका विलायती बँडची कॅसेट भरून दिली होती. दोन टेप समोरासमोर ठेवून, घरच्या घरी. गाणी भारीच, पण त्यातला ड्रमर! खटाखट, खटाखट, श्वास घ्यायला थांबत नाही पठ्ठ्या! तेव्हापासून भेटेल त्याला मी त्या ड्रमरचं कौतुक ऐकवत आलोय.

तर यंदा तो अल्बम नव्यानं निघाला. काळीकुट्ट तबकडी घरी आली. मी नवी पेठेतून काळा शर्ट आणला, मित्रमंडळ जमवलं, छोटंसं भाषण ठोकलं आणि सुई टेकवली.

ठप्प… ठप्प… ठप्प.

बार्शीचा सुनील म्हणाला, "ड्रमर कुटं हाय रे?"

"येईल, येईल."

दोन्ही बाजू संपल्या. ड्रमर आला नाही!

"लई भारी होता की," सुनील म्हणाला आणि सगळे खो खो हसले. इतक्या वर्षांची माझी इज्जत, गेली ना हो!

मी पेटलो. कंपनीला इंग्रजीत खरमरीत ईमेल ठोकला: तुम्ही थोर कलावंताला कापून टाकलंत, लाज वाटली पाहिजे!

उत्तर आलं, अगदी नम्र. या बँडमध्ये ड्रमर कधीच नव्हता, ताल यंत्राचा होता. पण तुमच्याकडे एखादी दुर्मिळ प्रत असावी, कृपया पाठवाल का?

दुर्मिळ! माझ्याकडे! मी ते उत्तर सगळ्या मित्रांना पाठवलं. सुनीलला दोनदा.

आता कॅसेट वाजवायला चालू टेप हवा. तो फक्त श्रीनिवासकडे. त्याची माझी भेट कायम चहाच्या गाडीवर, पूर्व भागातल्या त्याच्या घरी मी पहिल्यांदाच चाललो होतो. दारात पोचलो. कॅसेट अजून खिशात, आणि ड्रम सुरू!

खटाखट, खटाखट.

अंगावर काटा आला हो! "श्रीनिवास, आत कोण वाजवतंय?"

"वाजवतंय? आमचे अण्णा टॉवेल विणतेत की."

डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. समोरासमोर दोन टेप, आणि भिंतीपलीकडे चालू माग. मी जन्मानं सोलापूरकर, रोज सोलापुरी टॉवेलनं अंग पुसणारा, आणि मला मागाचा आवाज ओळखू आला नाही!

श्रीनिवास तर हसून हसून उंबऱ्यावरच बसला. त्यानं आत जाऊन सगळं सांगितलं. माग थांबला आणि माझा लाडका ड्रमर बनियनवर, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले, बाहेर आला. खरं सांगतो, मला लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. मी सरळ पाया पडलो.

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"इतकी वर्षं फुकट ऐकलास व्हय रे? एखादा टॉवेल तरी घ्यायचा की!"

मी मान खाली घालून विचारलं, "काळा आहे का?"