गोड्या पाण्याचा हौद

बहात्तरच्या दुष्काळात तिसगावजवळ रस्त्याच्या कामावर मी हजेरी घ्यायचो. तिथे खडी फोडणारा एक म्हातारा होता. त्याचं नाव मी रोज पुकारायचो, पण आज ते आठवत नाही. आठवते ती त्याची ओंजळ. पाणी पाजणारी बाई घागरीतून धार सोडायची तेव्हा आम्हा सगळ्यांच्या कोपरांवरून पाणी ओघळायचं. त्याच्या ओंजळीतून थेंब पडत नसे.

तरुणपणी तो आफ्रिकेत मोंबासा बंदरात होता. भाकरी खाताना आम्ही त्याला तिथलं सांगायला लावायचो. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, गल्लीभर लवंगांचा वास, आणि शहराबाहेर समुद्रकाठी साहेबांचं हॉटेल. तिथे हा नोकर.

"अंगाला तेल चोपडून मुद्दाम उन्हात पडायची मान्सं," तो म्हणाला. सगळे हसले.

"आन् पवायला गोड्या पान्याचा हौद. हिरीयेवढा."

"म्होरं समुद्र असून?" बाईने विचारलं.

"व्हय. खाऱ्या पान्यानं अंग चिकाट हुतं म्हनायची. दर सोमवारी मी त्यो रिकामा करायचो."

"कुटं सोडायचा?"

"समुद्रात."

घास माझ्या हातातच राहिला. बाईने घागर दोन कोसांवरून आणली होती. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. त्याने ओंजळ धरली, पण तिची घागर कलेना.

"नगं वतू, बाई," तो खाली बघत म्हणाला. "माज्या वाटचं मी तवाच सोडलं."

मग तिने धार सोडली. त्या दिवशी त्याची ओंजळ पहिल्यांदा गळली.