पोकळ जागेची नोंद

आमचे हे एका जागी बसलेले मला आठवतच नाहीत. जेवताना बसतात, तेही अर्धं ढुंगण खुर्चीवर. पण गेल्या महिन्यात जे चाललं होतं त्याला येरझाऱ्या म्हणणंही कमीच. दार ते खिडकी, खिडकी ते दार. मी शिलाई मशीनवर बसलेली, लोकांच्या पँटी आखूड करतेय, आणि माझ्या पाठीमागे यांच्या चपला फटक फटक. शेवटी मी ओरडलेच, "अहो, जरा टेका ना कुठे! माझी टीप वाकडी जातेय!" तर म्हणतात कसे, "तू शिव. मी कुठे तुझ्या मशीनला हात लावलाय?"

यांनी एकतीस वर्षं लिफ्टची तपासणी केली. मोटरच्या खोलीत चढायचं, दोर हाताने चाचपायचा, ब्रेक पाहायचा, दाराची कडी दहा वेळा लावून उघडून बघायची, आणि मग वहीत लिहायचं. काय सापडलं, कधी सापडलं, काय करायला हवं, आणि खाली सही. ती वही म्हणजे यांचा देव. एका हॉटेलवाल्याने एकदा विनवलं होतं, "साहेब, तेवढी दोराची ओळ लिहू नका, लग्नाचा हंगाम आहे." यांनी ओळ लिहिली, लिफ्ट बंद केली आणि वरचा हॉल गाठायला सगळं वऱ्हाड जिना चढलं. नवरदेवाच्या आईने यांना जे शिव्याशाप दिले ते मी इथे सांगत नाही. आमच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट हे वापरत नाहीत, कारण तिच्या कागदाची मुदत संपलीय. तिसरा मजला, गुडघे दुखतात, तरी जिनाच. आणि त्यांच्यामुळे मीही जिनाच. काय सांगू!

शहराबाहेर यांच्या काकांची जमीन होती, ती यांच्याकडे आली. जमीन म्हणायची आपली. काकांची वीटभट्टी होती तिथे. माती काढून काढून खड्डे झालेले, राखेचे ढिगारे उभे, गवतसुद्धा नीट उगवत नाही. मी म्हटलं, विकून टाका. कुणी घेईना. मग एक दिवस दोघंतिघं आली, मातीत चालवायच्या मोटरसायकली घेऊन. पुढे होती बसवाली. शाळेची बस चालवते, पस्तिशीची असेल, आवाज खणखणीत. म्हणाली, "काका, ही जागा म्हणजे सोनं आहे. आम्हाला रविवारी सकाळी चालवू द्याल का?"

आणि यांनी "चालवा की" म्हणून टाकलं. मला विचारलं? छे!

हळूहळू दहा-बारा जण जमायला लागले. एक दातांच्या कवळ्या बनवणारा, एक बेकरीवाला, एका डॉक्टरची चार जाड चाकांची गाडी. रविवारी सकाळी तिथे नुसता धुरळा. हे उंच ढिगाऱ्यावर उभे राहायचे आणि आवाजावरून सांगायचे, "बेकरीवाले, तुमची साखळी सैल आहे, थांबा." आणि असायचीच. निवृत्त झाल्यापासून घरात कोमेजून गेलेला माणूस तिथे टवटवीत व्हायचा. पैसे घेत नव्हते कुणाकडून. बसवाली थर्मासमधून चहा आणायची, पहिला पेला यांना. मला, खरं सांगू का, त्याचाही राग यायचा. घरी माझा चहा निवत पडतो आणि तिथला चहा काय गोड लागतो!

मग खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी माशी शिंकवली. जिन्यात भेटले, सहज म्हणाले, "तुम्ही लोकांना गाड्या चालवू देता म्हणे. उद्या कुणी पडलं तर? जागा तुमची, परवानगी तुमची. फुकट दिलीत, ठीक. पण एखादा धोका तुम्हाला माहीत होता आणि तुम्ही तो तसाच ठेवलात असं निघालं, तर जमीन जाईल आणि हे घरही धरतील."

झालं. त्या दिवसापासून यांच्या पायाला भिंगरी. मी म्हटलं, "सोपं आहे. बंद करा. कुलूप लावा." तर म्हणाले, "बंद कशाला? तपासतो." म्हणजे पुन्हा वही! नवी कोरी वही आणली आणि रोज दुपारी लोखंडी कांब घेऊन जमीन ठोकत हिंडायला लागले. पहिलं वळण, दगड हलवला, सही. दुसरं वळण, कडा ढासळलेली, फावड्याने सारखी केली, सही. लिफ्टला निदान चार भिंती असतात, इथे चार एकर.

तिसऱ्या वळणापलीकडे, उतार संपतो तिथे कांबेचा आवाज बदलला. भट्टीचा जुना धुराचा मार्ग होता खाली. वरून जमीन सपाट दिसते, वर मातीचं कवच, आत पोकळ. घरी येऊन मला समजावून सांगत होते, बोटाने टेबल ठोकून, मग डबा ठोकून. "ऐक ना, हा भरीव. हा पोकळ. कळला फरक?" मी म्हटलं, "मला एवढंच कळलं की डब्यातली साखर संपलीय." त्यांनी मुरमाची गाडी सांगितली, गुरुवारी येणार होती. कवच फोडायचं, मुरूम भरायचा, दाबायचा. तोपर्यंत चार काठ्या रोवून लाल फडकं बांधलं.

रविवारी बसवाली सगळ्यांच्या आधी आली. हे अजून रस्त्यात होते. वाऱ्याने म्हणा, गुरांनी म्हणा, काठ्या आडव्या झाल्या होत्या. तिची गाडी उतारावरून आली, जमीन आत गेली आणि ती गाडीसकट त्या भगदाडात.

डावा घोटा आणि नडगी, दोन्ही मोडलं. डावा पाय म्हणजे बसचा क्लच दाबायचा तिचा पाय. हॉस्पिटलात गेलो तर तिची आई उशाशी, आणि ही पोरगी आम्हालाच धीर देतेय. "काका, तुम्ही असं तोंड करू नका. माझंच लक्ष नव्हतं." यांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात चालायला लागले. नर्स म्हणाली, या आजोबांना कुणीतरी बसवा हो. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं मी तोच प्रयत्न करतेय.

आठवड्याभरात बसवालीच्या विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. बुधवारी चार वाजता घरी येतो, काही प्रश्न आहेत. वकिलांनी ते ऐकलं आणि वर आले. शांतपणे समजावलं. "वहिनी, नीट ऐका. पोकळी यांना माहीत नव्हती, असं ठरलं तर चूक गाडी चालवणारीची. बेफाम चालवत होती असा शेरा पडेल, विषय संपला. माहीत होती असं ठरलं तर सगळं तुमच्यावर. लेखी तर काही नाही ना?"

"आहे," हे म्हणाले. "वही आहे."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. "वह्या हरवतातही," असं म्हणून खाली गेले.

बसवालीवर बेफामपणाचा शेरा म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. तिच्या बसमध्ये चाळीस मुलं असतात. तो शेरा असलेल्या बाईच्या हाती ती बस कोण देणार? पाय उद्या बरा होईल, पण नोकरी गेली ती गेलीच. आणि इकडे आमचं हे तीन खोल्यांचं घर, माझी खिडकी, माझं मशीन. रात्रंदिवस डोक्यात हेच. टाका घालायची आणि उसवायची.

इथे एक गोष्ट मी मागे ठेवलीय. ती आता सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

गुरुवारी मुरमाची गाडी आली होती. ड्रायव्हर जमिनीचा रस्ता विचारायला आमच्या इमारतीखाली थांबला. हे डोळे तपासायला गेले होते. मी खिडकीतून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. लोकांनी मजा करायची आणि खड्डे आम्ही बुजवायचे? यांच्या या वयात? मी खाली गेले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "नकोय आम्हाला. परत जा." तो म्हणाला, "साहेबांना विचारा ना." मी म्हटलं, "मीच सांगतेय ना!" गाडी वळली आणि गेली. संध्याकाळी हे आले, विचारलं, गाडी आली का? मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हटलं, "कुठली गाडी? काही आलं नाही." हे म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं. आणि शनिवारी जाऊन लाल फडकं पुन्हा घट्ट बांधून आले.

तेव्हा ती वही मला नको होती ती फक्त घरासाठी, हे खरं नाही. त्या ड्रायव्हरने यांना नंतर सांगितलंच असणार. आणि यांना कळलं म्हणजे वहीत आलं. "पत्नीने गाडी परत पाठवली." सही. मी ते वाक्य डोळे मिटले तरी वाचत होते. त्या पोरीचा पाय माझ्यामुळे मोडलाय, हे यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं तो परका माणूस माझ्या घरात बसून मोठ्याने वाचणार.

बुधवारी दुपारी हे जिन्याने खाली उतरले, पाय मोकळे करायला. जणू दिवसभर बांधून ठेवले होते! मी टेबलाचा खण उघडला आणि वही काढली. गॅसवर धरायची, राख बेसिनमध्ये. पाच मिनिटांचं काम. पण आधी ते वाक्य बघायचं होतं. बघितल्याशिवाय राहवेना.

पान सापडलं. सोमवार, तिसऱ्या वळणापलीकडे जमीन पोकळ, वाहनाचं वजन पेलणार नाही, मुरूम भरणं आवश्यक. सही. त्याखाली गुरुवार.

"मुरमाची गाडी आली होती. मी परत पाठवली. पुन्हा बोलावणे." सही.

मी तिथेच खुर्चीवर बसले. पुन्हा वाचलं. मी परत पाठवली. मी म्हणजे हे. लग्नाचं वऱ्हाड जिना चढलं तरी चालेल पण ओळ बदलणार नाही म्हणणारा माणूस. यांना त्याच दिवशी कळलं होतं, ड्रायव्हरने फोन केला असणार! माझं खोटं ऐकून "बरं" म्हणाले, आणि रात्री माझी चूक आपल्या अंगावर घेऊन तसं वहीत लिहिलं. अपघाताच्या तीन दिवस आधी. तेव्हा कुठला विमा, कुठला वकील! नुसतं माझं नाव तिथे यायला नको, म्हणून. मला इतका राग आला यांचा, इतका राग आला, की मी मोठ्याने रडले.

दार उघडंच होतं. हे आत आले, माझ्या हातात वही पाहिली, आणि पहिल्यांदा काही क्षण चालायचे थांबले.

"जाळणार होतीस?"

"हो."

"मग?"

"मग काय? हे काय लिहून ठेवलंत तुम्ही? कुणी सांगितलं होतं?"

हे खिडकीकडे गेले, परत आले. "गाडी मी सांगितली होती. ती येईल तेव्हा घरी थांबायचं माझं काम होतं."

"ते काम तुमचं. परत मी पाठवली." मी नाक पुसलं. "चुकीची ओळ असली तर तुमच्यात काय करतात? खोडतात?"

"खोडायचं नाही कधी. वरचं वाचता आलं पाहिजे. एक रेघ मारायची, खाली खरं लिहायचं, लिहिणाऱ्याने सही करायची." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. "अगं, नको. नोंद माझी आहे. राहू दे तशीच."

मी मशीनवरचा पेन उचलला. हे हात पुढे करून वही मागत राहिले, मी दिली नाही. रेघ मारली. खाली लिहिलं. माझं अक्षर काही त्यांच्यासारखं नाही, ओळ उतरती गेली. सही केली, पुढे वही केली. यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तारीख राहिली," म्हणाले.

मी तारीख टाकली.

चार वाजता विम्याचा माणूस आला. कोवळा, टाय लावलेला, जिना चढून धापा टाकत, कारण लिफ्ट बंद पडली होती. पाणी प्यायला. वही उघडून बराच वेळ पानं उलटत राहिला. मग त्या पानावर थांबला. म्हणाला, "तुम्हाला कल्पना आहे ना, हे मी नेलं तर काय होईल?"

"आहे," हे म्हणाले. उभेच होते.

"आणि ही खालची सही?"

हे काहीतरी बोलायला गेले. मी आधी बोलले. "माझी आहे. गाडी मी परत पाठवली. एकतीस वर्षं लिफ्टच्या वह्यांत आणि आता या वहीत मिळून या माणसाने एकच ओळ खोटी लिहिलीय, आणि ती माझ्यासाठी. तेवढी सोडली तर बाकी अक्षर न् अक्षर खरं आहे. घेऊन जा. आणि त्या मुलीच्या कागदावर आधी लिहा, तिची काही चूक नव्हती."